मोरवेल की रानजाई? जांबोटी-चोर्ला रस्त्यावरच्या पांढऱ्या वेली कशा ओळखायच्या

येळ्ळूरचा_सच्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राजकारण आणि पाककृतींच्या गर्दीत हा एक झाडाझुडपांचा धागा खपवून घ्या.

तर झालंय असं. दसऱ्याच्या आधी राजहंसगडाच्या चढाला करवंदीच्या जाळीवर एक वेल पसरलेली दिसली, पांढरी शुभ्र फुलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा चांगली मोठी, चार-पाच पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका. बाबांना फोटो दाखवला तर म्हणाले मोरवेल. आता डिसेंबरात जांबोटीच्या पुढं चोर्ल्याकडं जाताना रस्त्याच्या कडंला तसल्याच वेली, पण फुलं एकदम बारकी, हिरवट-पांढरी, आणि एवढी की खालचं झुडूप कुठलं तेच कळंना. बाबा परत म्हणाले मोरवेल. शेजारच्या काकू म्हणाल्या दोन्ही रानजाई. मोबाईलमधल्या ॲपनं एका फोटोला एक नाव दिलं, त्याच वेलीच्या दुसऱ्या फोटोला दुसरं, आणि तिसऱ्याला युरोपातली कुठली तरी जात सांगून मोकळं झालं.

मग ही एकच वेल आहे आणि थंडीत फुलं बारकी होतात, का मुळातच दोन वेगळ्या? वेगळ्या असतील तर गाडी स्टँडला लावून पाच मिनिटांत ओळखता येईल अशी काही खूण आहे का? जड जड शास्त्रीय शब्द नकोत, माणसाला कळेल असं सांगा. फोटो जोडलेत. १ आणि २ राजहंसगड, ३ ते ५ जांबोटी, ६ कणकुंबीजवळचा, त्यात फुलं गळून नुसती पिसं राहिलीत.

कुंदाप्रेमी

धागा उघडला मोर बघायला. असो, पॉपकॉर्न घेऊन बसलोय, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निपाणकर

आमच्याकडं बांधावर लय असतीया ही. आम्ही तर कुठल्याबी पांढऱ्या वेलीला रानजाईच म्हणतो, काम भागतंय. तुला रं कशाला पायजे नाव, तंबाखूला लावायचंय व्हय?

येळ्ळूरचा_सच्या

@निपाणकर नाव कळलं तर पुढचं कळतं ना भाऊ, औषधी कुठली, विषारी कुठली. तंबाखू तुम्हालाच लखलाभ.

घाटवाटा

दोन वेगळ्या आहेत, शंभर टक्के. थंडीत फूल थोडंफार बारीक होईल, पण चार सेंटीमीटरचं दीड सेंटीमीटर होत नाही. राजहंसगडची ती क्लेमॅटिस हेनेई, जुन्या पुस्तकांत हिचंच नाव क्लेमॅटिस ट्रायलोबा असतं. जांबोटीची बहुतेक क्लेमॅटिस गौरियाना. कणकुंबीच्या फोटोबद्दल आत्ताच बोलत नाही, नुसत्या पिसांवरून जात सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

हंगामावरून पण अंदाज येतो. हेनेई पाऊस ओसरता ओसरता फुलते, सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. गौरियाना खरी थंडी पडल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी. अनमोड घाटात आणि चोर्ल्यात डिसेंबरात रस्त्याकडंला जी पांढरी गर्दी दिसते त्यात गौरियानाच जास्त.

मिरज_रिटर्न

घाटवाटा, हंगामावर इतका भरवसा ठेवू नका. पाऊस लांबला की सगळं पुढं सरकतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही फुललेल्या एकाच बांधावर सापडतात, मग काय करणार?

घाटवाटा

@मिरज_रिटर्न म्हणूनच "अंदाज" म्हटलंय. दोन्ही एकत्र फुलल्या असतील तर उलट सोपं, शेजारी शेजारी धरून फूल मोजा की.

पानफूल

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी ही वेल क्लेमॅटिस आहे हे नक्की करू, जातीचं नंतर. सच्या, तू ज्यांना पाकळ्या म्हणतोस त्या पाकळ्या नाहीतच. क्लेमॅटिसला पाकळ्या नसतात, पांढरं दिसतं ते बाहेरचं आवरण, म्हणजे संदलं. बहुतेक वेळा चार. कळी बघितलीस तर ती कडेला कडा लावून मिटलेली असतात, एकावर एक चढलेली नसतात. मधे ढीगभर पुंकेसर आणि त्यांच्यामध्ये सुटे सुटे बरेच स्त्रीकेसर. या प्रत्येक स्त्रीकेसराचं एक-एक बीवालं फळ होतं आणि त्याची दांडी वाढून पिसासारखी शेपटी बनते. फोटो ६ मध्ये दिसतायत त्या याच. लहानपणी आपण जी म्हातारी उडवायचो ती रुईची, तिथं शेंगेतल्या बीला केसांचा झुपका असतो. इथं शेंगही नाही आणि झुपकाही नाही, प्रत्येक फळाला एकच लांब केसाळ शेपूट.

दुसरी खूण पानांची मांडणी. पेरावर पानं समोरासमोर येतात. ह्या कुळात, म्हणजे कलौंजी आणि हिमालयातला बचनाग ज्या कुळात येतात त्यात, पानं सहसा एकाआड एक असतात, त्यामुळे वेल, समोरासमोर पानं आणि चार पांढरी संदलं हे तिन्ही जुळलं की क्लेमॅटिस म्हणायला हरकत नाही.

तिसरी खूण सगळ्यात मजेची. हिला वेगळे तणावे नसतात, पानाचा देठच काडीला वेढा घालतो. डार्विनने १८६५ मध्ये वेलींवर जे लिहिलं त्यात क्लेमॅटिसच्या देठांवर बरेच प्रयोग आहेत. देठाला काडी घासली तरी तो त्या बाजूला वळतो, आणि एकदा आधार पकडला की जाड आणि टणक होतो. वेढा घातलेला आणि न घातलेला असे दोन देठ बोटांनी चाचपून बघ, फरक लगेच कळतो.

आता आपल्या भागातल्या जाती.

हेनेईचं पान हातात घेतलं की आधी मऊपणा लागतो, खालच्या बाजूला रेशमी लव असते, मांजराच्या कानासारखी. पान तीन पर्णिकांचं, कधी त्या प्रत्येकीचे परत तीन भाग, आणि पर्णिकेलाच तीन खाचा पडलेल्या असतात. ट्रायलोबा हे जुनं नाव त्यावरूनच. फूल मोठं, संदलं चार ते सहा, सपाट पसरलेली. तुझ्या फोटो २ मध्ये एका फुलाला पाच आहेत, एकाला चार.

गौरियानाचं पान मोठं, पिसासारखी रचना, पाच किंवा सात पर्णिका, कधी कधी खालच्या जोडीचे परत तुकडे. पर्णिका बुडाला गोल किंवा हृदयाच्या आकाराच्या, टोकाला निमुळत्या, वरून जवळजवळ गुळगुळीत. फुलं बारीक, भरगच्च तुऱ्यात, संदलं चारच आणि उमलल्यावर मागं वळणारी.

तिसरी हेडिसॅरिफोलिया. हिची पानं तीन पर्णिकांची, पण हेनेईसारखी लवदार नाहीत. गुळगुळीत, जाडसर, लांबट, बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा. फुलं पुन्हा थंडीत आणि तुऱ्यात, त्यामुळे लांबून गौरियानाशी घोळ होतो.

थोडक्यात काय तर फुलाच्या मागं धावू नका, आधी पान बघा. फूल महिनाभर, पान बाकीचं वर्षभर.

कुंदाप्रेमी

म्हणजे फुलाला पाकळ्या नाहीत, वेलीला तणावे नाहीत आणि म्हातारीला शेंग नाही. ही वेल आहे का आमच्या गल्लीतला इंजिनियर?

वाळपईची_मुलगी

पानफूल मॅडम, दंडवत. वाचनखूण साठवलीय.

खानापूरचा_आप्पा

मॅडमनी सांगितलं ते बरोबर हाय, पण पानं मोजायच्या भानगडीत फसाय होतं बघा. आमच्या परड्यामागं एक हेनेई हाय. तिला खालच्या बाजूला तीन-तीन पर्णिकांची पानं, मधे नऊ तुकड्यांची, आणि फुलाजवळ वर गेलं की एकच साधं पान, त्याला तीन खाचा. एकाच वेलीवर हां सगळं. कुणी वरचं एकच पान तोडून आणून विचारलं तर मी काय सांगू? तवा एक पान बघून जात सांगू नका, वेलीचा मधला भाग बघा, चार-पाच पेरं बघा, मग बोला.

आणि ते ॲप. ॲपला फूल दाखवलं की ते फुलावरनंच सांगतंय. पानाचा मागचा फोटो कोण घेतंय?

पानफूल

आप्पा, मुद्दा पटला. तुऱ्याजवळची पानं सगळ्याच जातीत लहान आणि साधी होत जातात, म्हणून फुलाच्या शेजारचं पान ओळखीला घेऊच नये. तुऱ्याच्या खालचं, पूर्ण वाढलेलं पान घ्यावं.

सांबरा_विमानतळ

एक बेसिक प्रश्न, हसू नका. पर्णिका आणि पान यातला फरक रानात उभं राहून कसा कळणार? मला तर प्रत्येक तुकडा म्हणजे एक पानच वाटतं.

खानापूरचा_आप्पा

हसायचं काय त्यात. तुकड्याच्या बुडाला बघायचं. जिथं देठ वेलीला चिकटलाय तिथं बगलेत बारका डोळा असतो, पुढं त्यातनं फांदी नाही तर फूल येतंय. पर्णिकेच्या बगलेत डोळा नसतो. डोळा सापडला की तिथनं पुढचं सगळं एक पान. भिंग नको काय नको, नखानं चाचपलं तरी लागतंय.

सांबरा_विमानतळ

हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट सांगितलं. धन्यवाद आप्पा.

मिरज_रिटर्न

सच्याचे फोटो परत बघितले. फोटो ४ मध्ये मोठं, चकचकीत, एकच एक पान आहे ना, बुडापासून उभ्या शिरा गेलेलं, ते क्लेमॅटिसचं नाहीच. झूम करून बघा, देठाच्या बुडाजवळ दोन तणावे आहेत आणि खोडाला काटे. ती घोटवेल. दोन वेली एकमेकींत गुंतल्यात, पान एकीचं आणि फूल दुसरीचं. ॲप बिचारं काय करणार?

येळ्ळूरचा_सच्या

अरेच्चा, काटे आहेत की खरंच! तरीच बोटाला काहीतरी टोचलं होतं. म्हणजे ४ नंबर बाद धरा. ३ आणि ५ मधली पानं तरी तिचीच ना?

मिरज_रिटर्न

५ मध्ये एक देठ काडीला वेढा घालून बसलाय तो स्पष्ट दिसतो, त्यामुळे ५ तिचाच. ३ मध्ये पानं आउट ऑफ फोकस. फुलं मात्र झकास आलीत.

चंदगडी

आमच्याकडं वैजनाथाच्या डोंगराला, देवरवाडीच्या वरच्या अंगाला पण दोन्ही आहेत. सीमा माणसांना असते, वेलींना कुठली, त्या महाराष्ट्रात पण आणि कर्नाटकात पण.

निपाणकर

झालं! आता सीमाप्रश्न काढतंय ह्यो. ॲडमिन, धाग्याला कुलूप लावा.

ॲडमिन_२

सीमाप्रश्नासाठी वेगळा विभाग आहे, तिथे जागाच जागा आहे. इथे वेलींवरच बोला. 🙂

वाळपईची_मुलगी

आमच्या गोव्याच्या बाजूनं एक शंका. चोर्ला घाट उतरताना ऑक्टोबर-नोव्हेंबरात अजून एक वेल असते, लांबून हुबेहूब तशीच, झाडं पांढऱ्या चादरीखाली झाकलेली. जवळ गेलं तर पान हृदयाच्या आकाराचं, एकेकटं. ती कुठली?

घाटवाटा

ती पोराना असणार, गारवेलीच्या कुळातली. पानं एकाआड एक, फूल नरसाळ्यासारखं आणि पाच भागांचं. क्लेमॅटिसचं फूल बुडापर्यंत सुटं असतं, हिचं खाली जोडलेलं. चालत्या गाडीतून दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे चालत्या गाडीतून कुणी "क्लेमॅटिस!" ओरडलं तर निम्मंच खरं मानायचं.

शहापूर_गल्ली

आणि कुसर? आमची आजी कुसरीलाच रानजाई म्हणायची. तिला मस्त वास.

पानफूल

कुसर ही जाई-मोगऱ्याची सख्खी बहीण, खरी रानटी जाई. पानं समोरासमोर असतात हे खरं, पण साधी. फूल नळीवालं, वर सहा ते दहा टोकदार पाळ्या, वास घमघमाट, आणि फुलते उन्हाळ्यात. पुंकेसर दोनच, तेही नळीत लपलेले. क्लेमॅटिसमध्ये पुंकेसरांचीच जत्रा असते. तेव्हा आजींचं चुकलं नाही, एकच नाव दोन वेलींना आहे इतकंच. नाव विचारून भांडत बसण्यापेक्षा पुंकेसर मोजलेले बरे.

देशी_दवा

अवांतर, पण महत्त्वाचं. मोरवेलीचा पाला चुरगळून अर्धशिशीला हुंगतात, सर्दीलाही. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मूळ मूर्वा म्हणून विकतात ते याचंच. मूर्वा म्हणजे तीच, जिच्या धाग्याची धनुष्याची दोरी व्हायची, क्षत्रियाच्या मुंजीत मेखला तिचीच सांगितलीय मनुस्मृतीत.

घाटवाटा

@देशी_दवा मूर्वेचा घोळ वेगळाच आहे हो. मूर्वा म्हणून बाजारात देशभर तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि सरकारी आयुर्वेदिक औषधकोशात मूर्वा म्हणून धरलीय ती मार्सडेनिया, रुईच्या कुळातली. ती तोडली की पांढरा चीक येतो, क्लेमॅटिसला चीक नाही. महाराष्ट्रात काही ठिकाणी मोरवेल वापरतात हे मान्य, पण "तीच मूर्वा" असं ठासून म्हणू नका.

देशी_दवा

आमच्या वैद्यांनी तीच दिली आणि गुण आला, आता तुम्ही चीक बघत बसा.

शहापूर_गल्ली

हुंगायचं जपून बरं का. आमच्या ओळखीतल्या एकीनं ताजा पाला वाटून कपाळावर बांधला रात्रभर. सकाळी फोड. डॉक्टरांनी भाजल्यासारखीच ट्रीटमेंट दिली.

पानफूल

@शहापूर_गल्ली बरोबर. ताजा पाला चुरगळला की त्यातून प्रोटोॲनेमोनिन नावाचं तिखट द्रव्य तयार होतं, कातडीला झोंबतं, फोड आणतं. डोळ्यात गेलं तर त्याहून वाईट. पाला वाळला की त्याचं ॲनेमोनिन होतं आणि तिखटपणा बराच जातो. या सगळ्या कुळाचीच ही खोड आहे. युरोपात एका रानटी क्लेमॅटिसचा पाला भिकारी अंगाला चोळायचे, फोड दाखवून भीक जास्त मिळावी म्हणून, फ्रेंचमध्ये तिचं नावच भिकाऱ्यांची वनस्पती असं आहे. तेव्हा ओळखीसाठी पान चुरगळून वास घ्यायची सवय असेल तर या वेलीला ती नको. पान उलटं करा, चाचपा, सोडून द्या.

निपाणकर

बैल तोंड लावत न्हाईत हिला, ते काय उगंच व्हय. जनावराला कळतंय, आमच्या फेसबुकवाल्या वैद्यांला कळंना.

देशी_दवा

🙏 मी चाललो.

कुंदाप्रेमी

थांबा की ओ, जाताना अर्धशिशीचं सांगून जा, धागा वाचून दोन्ही बाजू दुखाय लागल्यात.

हलशीकर

मी एक वेगळी वेल टाकतो मधे. लोंढ्याच्या पुढं, ओल्या जंगलात एक वेल बघितलीय, पिसं अगदी अशीच, पण पानाला दोनच पर्णिका आणि टोकाला तणावा. फुलं पिवळसर. ही पण क्लेमॅटिसच का?

घाटवाटा

वा, ही बघितलीत म्हणजे नशीबवान. नारावेलिया झेलॅनिका. शेवटच्या पर्णिकांचाच तणावा झालेला असतो, आणि हिला क्लेमॅटिसमध्ये नसलेल्या अरुंद, टोकाशी फुगीर पाकळ्या असतात, संदलांपेक्षा लांब. हिला वेगळी प्रजाती मानायचे. आता नव्या वर्गीकरणात क्लेमॅटिसमध्येच घातलीय, क्लेमॅटिस झेलॅनिका. म्हणजे पानफूल मॅडमचा "तणावे नाहीत, पाकळ्या नाहीत" हा नियम नव्या हिशोबात थोडा लंगडा पडतो.

पानफूल

लंगडा पडतो हे कबूल, पण डोंगराळ कोरड्या बांधावर तो चालतो. नारावेलिया राजहंसगडावर यायची नाही. आणि कुणी विचारायच्या आधी सांगते, क्लेमॅटिस वाइटियाना म्हणून अजून एक आहे, दक्षिणेकडच्या उंच डोंगरांत जास्त. दातेरी पर्णिका, दाट लव, आणि पुंकेसरांच्या दांड्यांवरसुद्धा केस. लवदार पान बघून डोळे झाकून हेनेई म्हणू नका. पाच पर्णिका असतील तर एक पुंकेसर काढून भिंगाखाली धरा. हेनेईची दांडी गुळगुळीत असते.

मिरज_रिटर्न

नावांचा विषय निघालाच आहे तर, गौरियाना हे नाव गौरीवरून नाही. बंगालमधलं गौड, इंग्रजांचं गौर, त्या जुन्या शहरावरून रॉक्सबर्गनं ठेवलंय. हेनेई हे बेंजामिन हेन या मद्रासकडच्या मिशनरी-वनस्पतीतज्ज्ञावरून. आमच्या मंडळात एकानं गणपतीत गौरी आवाहनाला ही वेल आणा म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवलं होतं, त्याच्यासाठी हे.

सांबरा_विमानतळ

हे सगळं एका ठिकाणी वाचायला मिळेल असं आपल्या भागाचं काही आहे का?

घाटवाटा

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे थिओडोर कुकचा १९०१ ते १९०८ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ, आपल्यालाही लागू पडतो. इंग्रजी आहे, नावं जुनी आहेत, हेनेई शोधायची तर ट्रायलोबा बघावं लागतं. पण पानांची वर्णनं अजून कामाला येतात. नेटवर फुकट स्कॅन आहे.

खानापूरचा_आप्पा

एक सांगायचं राहिलं. फोटो काढा, वेल उपटू नका. आमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य हाय, आत पान तोडून न्यायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी हाय. फॉरेस्टवाल्यानं धरलं तर "क्लेमॅटिस बघालतो" म्हणून सुटका होणार नाही.

फोटो काढतानाही रीत पाळा. एक अख्ख्या वेलीचा, एक पेराचा जिथं दोन पानं समोरासमोर दिसतील असा, एक पूर्ण पानाचा वरनं, एक त्याच पानाचा खालनं, एक फुलाचा समोरनं आणि एक फुलाच्या पाठीचा. फूल किती मोठं ते कळाय शेजारी नाणं धरा. तेवढं केलं की इथं भांडण कमी होतंय.

निपाणकर

भांडण कमी झालं तर धागा कसा चालायचा आप्पा?

येळ्ळूरचा_सच्या

मंडळी, रविवारी परत जांबोटीला जाऊन आलो, आप्पांनी सांगितल्यासारखे फोटो काढलेत, नवीन ७ ते १२ जोडतोय. तुऱ्याच्या खालची पानं बघितली. बगलेत डोळा शोधला, सापडला. एका पानाला सात पर्णिका, दुसऱ्याला पाच, त्यातल्या खालच्या जोडीचे परत तीन तुकडे. वरून गुळगुळीत, खाली रंग फिका, लव नावाला. फुलं नाण्यापेक्षा लहान, चारच संदलं, बरीचशी मागं वळलेली. राजहंसगडची फुलं संपलीत, पण पानं आहेत, ती मऊ लागतात आणि तीन खाचांची आहेत.

पानफूल

सुंदर फोटो, विशेषतः १० मधली पानाची खालची बाजू. जांबोटीची गौरियाना आणि राजहंसगडची हेनेई. बाबांना सांग, मोरवेल दोन्हींनाच म्हणतात, त्यामुळे ते बरोबरच होते.

मिरज_रिटर्न

+१. आणि फोटो ६ चं काय झालं? घाटवाटा त्यावर गप्पच आहेत.

घाटवाटा

गप्प नाही, थांबलोय. फोटो ६ मध्ये दिसणारी दोन पानं तीन-तीन पर्णिकांची, जाड, चकचकीत, लांबट. हेडिसॅरिफोलिया म्हणावंसं वाटतंय. पण आप्पांच्याच नियमानं ती तुऱ्याजवळची पानं आहेत. गौरियानाचीही वरची पानं तीन पर्णिकांची होतात. खालची पानं कोण बघून येणार?

कणकुंबीवाला

मी इथलाच, धागा गुपचूप वाचालोय पहिल्यापासनं. सच्याच्या फोटोत मागं जो मैलाचा दगड दिसतोय त्यावरनं जागा ओळखली, घरापासनं लांब नाही. काल संध्याकाळी जाऊन बघितलं. वेल आंजणीवर चढलीय, खालपासनं वरपर्यंत तीन-तीनच पर्णिका, पाच एकाही पानाला नाहीत. बुडाजवळची पर्णिका माझ्या तळहाताएवढी लांब, दोन्ही बाजू गुळगुळीत, बुडापासनं पाच शिरा, मधल्या तीन ठसठशीत. कडा सरळ, कुठं एखादा दात. फोटो टाकतोय, उजेड कमी होता.

घाटवाटा

आता बोलतो. हेडिसॅरिफोलिया.

पानफूल

सहमत. तळातल्या पानांनाही पाच नाहीत म्हटल्यावर गौरियाना बाद, आणि लव नाही म्हटल्यावर हेनेई बाद. कणकुंबीवाला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटाला तिच्यावर लक्ष ठेवाल का? फुलांचे फोटो हवेत, पाठीकडूनचे सुद्धा.

कणकुंबीवाला

ठेवतो की. शेळ्या घेऊन तिकडंच जातोय रोज.

कुंदाप्रेमी

तीन वेली, तीन नावं, आणि आमचे निपाणकर अजून सगळ्यांना रानजाईच म्हणणार.

निपाणकर

म्हणणारच. पण काल बांधावरच्या वेलीचं पान उलटं करून बघितलं, मऊ लागलं. बायकोनं विचारलं काय हुडकालाय, तर म्हटलं हेनेई. ती म्हणाली कोण ही हेनेई? आता घरात वेगळाच धागा सुरू झालाय.

चंदगडी

😂😂 तो धागा ॲडमिन पण बंद करू शकत नाही.

येळ्ळूरचा_सच्या

सगळ्यांचे आभार. येत्या शनिवारी वैजनाथाला जायचा विचार आहे, तिथल्या वेली अजून फुलावर असतील असं चंदगडी म्हणतोय. सकाळी सातला बेळगावातून निघणार, गाडीत एक जागा आहे, कोण येतंय?

सांबरा_विमानतळ

मी. नाणं मी आणतो.